सोसायटीच्या बोटीला कुठली अलार्म सिस्टीम बसवावी? (बडोदा)

समा_काठ

नमस्कार मंडळी. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या सोसायटीचा तळमजला बुडाला होता. विश्वामित्री नदी काळा घोडा पुलापाशी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा समा भागात काय झालं ते बडोद्यातल्या कुणाला वेगळं सांगायला नको. लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि चौथ्या मजल्यावर एक आजोबा ऑक्सिजनच्या मशीनवर. त्यांना टायर-ट्यूबच्या तराफ्यावरून बाहेर काढावं लागलं. त्यानंतर वर्गणी काढून सोसायटीनं स्वतःची बोट घेतली. १२ फुटी फायबरची आहे, मागे १५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. चारही बाजूच्या सोसायट्यांना गरज पडली तर त्यांनाही द्यायची, असं ठरलंय.

अडचण अशी की वर्षभर ती ट्रेलरवर, मागच्या पार्किंगच्या पत्र्याच्या शेडखाली ताडपत्री घालून उभी असते. मागच्या महिन्यात रात्री कुणीतरी ताडपत्री वर करून बॅटरी आणि पेट्रोलची नळी नेली. इंजिनाचे दोन्ही क्लॅम्प सैल केलेले सापडले. म्हणजे पुढची फेरी इंजिनासाठीच होती.

कमिटीत तीन मतं आहेत. एक, वायफाय कॅमेरा लावा, मोबाइलवर दिसेल. दोन, जाड साखळी घालून बोट जमिनीतल्या कड्याला बांधा, किल्ली सेक्रेटरीकडे. तीन, सिमकार्डवाली अलार्म सिस्टीम. मी सेक्रेटरी आहे आणि दुसरं मत मला पटत नाही, पण नेमकं का ते मीटिंगमध्ये मांडता आलं पाहिजे. सांगताना एक गोष्ट धरून चाला: पाणी चढलं की रात्री दोन वाजता जो कुणी खाली असेल, त्याला ती बोट काढता आली पाहिजे.

रावपुरा_जुना

पहिली गोष्ट, इंजिन बारा महिने बोटीवर कशाला? या ताकदीचं टू-स्ट्रोक इंजिन ३५-४० किलोचं असतं. दोन माणसं उचलतात. दिवाळीनंतर काढून पहिल्या मजल्यावर लाकडी घोडीवर उभं ठेवा, जूनच्या सुरुवातीला पुन्हा लावा. चोराला हवं ते खाली नसलं की निम्मा प्रश्न मिटला.

आणि आजच्या आज इंजिनाचा सिरियल नंबर लिहून घ्या. क्लॅम्पजवळच्या पट्टीवर असतो. फोटो काढा. ती पट्टी चोर खरवडून टाकतात, म्हणून इंजिनाच्या टोपाखाली आतल्या बाजूला सोसायटीचं नाव कोरून ठेवा. तक्रार द्यायला गेलात की पोलीस आधी नंबर विचारतात. विमा असेल तर कंपनीही तोच मागते.

अकोटा_नाका

साखळीच बरी हो. अलार्म वाजतो आणि लोक कूस बदलून झोपतात. साखळी कापायला वेळ लागतो. कड्याला करकचून बांधा, विषय संपला.

चांदोद_घाट

अकोटा_नाका, अलार्म वाजला तरी लोक झोपतात हे तुमचं खरं आहे. पण करकचून बांधायचं मात्र कुणी मनावर घेऊ नका. माझी बोट नर्मदेत असते म्हणून हे कळकळीनं लिहितोय.

बोट जमिनीला आखूड साखळीनं बांधली आणि पाणी चढलं, की बोट वर यायला बघते आणि साखळी तिला खाली धरते. पुढचं टोक दाबलं जातं, काठावरून पाणी आत येतं, बोट जागेवरच भरते. ट्रेलरला पट्ट्यांनी घट्ट आवळलेली असेल तरी तेच. ट्रेलर तरंगत नाही, तो तिला तळाशी धरून ठेवतो. ज्या दिवसासाठी बोट घेतली, त्याच दिवशी ती पाण्याखाली.

दुसरं, ताई, शेडची उंची किती आहे? पाणी पाच-सहा फूट आलं तर बोट पत्र्याला जाऊन टेकेल. इंजिनाचं डोकं अडकलं की बाहेर काढता येणार नाही. पावसाळ्यापुरती तरी ती शेडबाहेर, उघड्या आभाळाखाली ठेवा, आणि पुढच्या कड्याला लांब दोर द्या. तुमच्याकडे पाणी जिथवर चढलं होतं त्याच्या दुपटीहून लांब.

साखळी घालायचीच असेल तर बोटीला घालू नका. ट्रेलरच्या चाकाला आणि इंजिनाच्या क्लॅम्पला घाला. क्लॅम्पच्या दोन्ही दांड्या एकत्र धरणारं नळीसारखं कुलूप मिळतं. त्यामुळे इंजिन बोटीपासून सुटत नाही आणि बोट मात्र मोकळी राहते.

समा_काठ

शेडची उंची साडेसात फूट. बोट ट्रेलरवर असताना इंजिनाचं डोकं पत्र्यापासून हातभर खाली येतं. हा मुद्दा कमिटीत कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. साखळीवाल्यांना हेच वाचून दाखवते. आता अलार्मबद्दल बोला.

तार_आणि_सोल्डर

माझा धंदा पॅनेल आणि वायरिंगचा आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

घरासाठी मिळणारी किट आणून बोटीवर बसवू नका. तिच्यातला मुख्य सेन्सर असतो पीआयआर. मागची पार्श्वभूमी आणि माणसाची त्वचा यांच्या उष्णतेतला फरक हलताना दिसला, की तो वाजतो. त्वचा साधारण ३३-३४ अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात रात्री नऊ-दहाला पत्र्याची शेड आणि भिंत तेवढीच तापलेली असते. फरक उरला नाही की सेन्सरला माणूस नीट दिसत नाही. उलट दुपारी तापलेली ताडपत्री वाऱ्यानं फडफडली की तो खोटा वाजतो. आठवड्यात चार वेळा खोटा वाजला की वॉचमन स्विच बंद करून ठेवतो. सिस्टीम चालू आहे असं सगळे समजतात आणि ती बंद असते.

बोटीला सगळ्यात भरवशाचं म्हणजे तारेचा लूप. दोन तारांची एक लांब केबल पॅनेलमधून, म्हणजे अलार्मच्या मुख्य डब्यातून, निघते, इंजिनाच्या मुठीतून, बॅटरीच्या पेटीच्या कड्यातून, पेट्रोलच्या टाकीच्या हँडलमधून आणि वल्ह्यांच्या कड्यांतून ओवत नेतात. शेवटच्या टोकाला एक रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग) जोडतात, किती ओमचा ते पॅनेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. तार कापली तरी पॅनेलला कळतं, आणि कुणी हुशारीनं तारा सोलून एकमेकींना जोडल्या तरी कळतं. पण हा रेझिस्टर केबलच्या दूरच्या टोकालाच हवा. बसवणारे सोपं पडतं म्हणून तो पॅनेलच्या डब्यातच टाकून देतात. मग बाहेर तारा जोडून टाकल्या तरी पॅनेलला सगळं ठीकच दिसतं. काम झाल्यावर समोर उभं राहून तपासा: टोकाला तारा एकमेकींना लावायला सांगा, सायरन वाजला पाहिजे.

ताडपत्रीसाठी दोन मॅग्नेट कॉन्टॅक्ट पुरतात, दाराला लावतात तेच. एक भाग बोटीच्या काठावर, लोहचुंबकाचा भाग ताडपत्रीच्या पट्टीत शिवून. ताडपत्री उचलली की वाजेल. धक्क्यावर वाजणारा सेन्सर मी लावणार नाही, कारण पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळतात आणि माकडं येतात.

सायरन दोन. एक बोटीपाशी, एक जिन्यात. सायरनवर ११० डेसिबल लिहिलेलं असतं ते एक मीटरवरचं. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात, म्हणजे ३२ मीटरवर ८० च्या आसपास. बंद खिडकी आणि चालू एसी धरला तर चौथ्या मजल्यावर कुणी उठणार नाही. म्हणून जिन्यातला हवाच. आणि पाच मिनिटांनी आपोआप थांबेल असा लावा, शेजारच्यांनाही झोप आहे.

आता वीज. पॅनेल १२ व्होल्टवर चालतं, सोबत ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी. पॅनेल निवांत असताना समजा ४० मिलिअँपिअर घेतं. ७ भागिले ०.०४ म्हणजे १७५ तास, कागदावर सात दिवस. असली बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून साडेतीन दिवस धरा. पुरात लाइट दोन-तीन दिवस जाते, तेवढं निभावेल. पण पॅनेल आणि चार्जर पहिल्या मजल्याच्या भिंतीवर हवेत. तळमजल्यावर लावले तर पहिल्या दोन फुटांतच सगळं संपलं.

वायफाय कॅमेऱ्याबद्दल इतकंच: लाइट गेली की राउटर जातो, राउटर गेला की कॅमेरा जातो. चोरीनंतर चेहरा बघायला ठीक. त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

राजवाडा_इंदूर

आमची हौसेची बोट इंदिरा सागरच्या पाण्यावर हनुवंतियाकडे असते, त्यामुळे सिमवाल्या यंत्राचा अनुभव आहे. घेताना एक प्रश्न नक्की विचारा: आत मॉडेम कुठला आहे? बाजारातली बरीच स्वस्त यंत्रं फक्त टूजी आहेत. जिओचं टूजी नेटवर्कच नाही, त्यामुळे जिओचं सिम त्यात चालत नाही. टूजी यंत्र असेल तर एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं सिम लागेल. पुढची पाच-सात वर्षं धरून घेत असाल तर फोरजीच घ्या. सिमचा रिचार्ज कुणाच्या नावावर, कधी संपतो, ते सोसायटीच्या वहीत लिहून ठेवा. सिम बंद पडलेलं कुणाला कळतच नाही.

एक प्रश्न मलाही आहे. परदेशातून सॅटेलाइट ट्रॅकर आणावा का? रेंजचा प्रश्नच मिटेल. आणि ॲपलचा एअरटॅग, म्हणजे वस्तू शोधायचा छोटा टॅग, लपवून ठेवला तर?

चांदोद_घाट

सॅटेलाइटवर संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय भारतात आणू नका. दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. विमानतळावर अशी यंत्रं सापडून लोकांना अटक झालेली आहे.

एअरटॅग जवळपासच्या आयफोनच्या जिवावर चालतो. नर्मदेच्या काठावर रात्री कोण आयफोन घेऊन फिरतंय? शिवाय अनोळखी टॅग सोबत फिरतोय असं चोराच्याच फोनवर दाखवलं जातं. शहरात ट्रेलरवर जादाचा म्हणून ठेवायला हरकत नाही. बॅटरी वर्षभर जाते.

वडसर_फाटा

चांदोदकाका, माझी बोटही पाण्यातच असते, मालसरच्या बाजूला. पाण्यातल्या बोटीसाठी तुम्ही काय लावलंय ते सविस्तर लिहा ना. बोट सरकली की मेसेज येणारी सिस्टीम घेतली, ती रोज रात्री मेसेज पाठवते आणि बोट असते जागेवर.

चांदोद_घाट

ज्याच्या बाहेर बोट गेली की मेसेज येतो, ते तुमचं वर्तुळ लहान आहे. दोर २० मीटर सोडलेला असेल तर बोट त्याच्याभोवती सगळ्या दिशांनी फिरणार. त्यात बोटीची लांबी आणि जीपीएसची पाच-दहा मीटरची चूक मिळवा. मध्यबिंदू नांगरावर ठेवा, बोटीवर नाही, आणि त्रिज्या ३५ मीटर तरी द्या.

पण पाण्यातल्या बोटीला चोरापेक्षा मोठा धोका पावसाचा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. १२ फुटी बोटीचं उघडं तोंड पाच चौरस मीटर धरा. रात्रीत १०० मिलिमीटर पडला की आत ५०० लिटर, म्हणजे अर्धा टन पाणी. बडोद्यात ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पडला होता, त्याचा हिशेब तुम्हीच करा.

म्हणून माझ्या बोटीत पहिला सेन्सर पाण्याचा आहे. तळात आपोआप चालणारा पंप, त्याचा फ्लोट स्विच (पाणी चढलं की तरंगून चालू होणारा) खाली. त्याच्या चार बोटं वर दुसरा फ्लोट स्विच, तो थेट अलार्मला. खालचा पंप हरला किंवा कचरा अडकून थांबला, तरच वरचा वाजतो. म्हणजे तो वाजला की खरंच धावायचं असतं.

आणि अलार्मची बॅटरी पंपाच्या बॅटरीपासून वेगळी ठेवा. ५० मिलिअँपिअर खाणारं यंत्र दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ अँपिअर-अवर खातं. १०० ची बॅटरी असेल तर ती निम्म्यापर्यंत वापरायची, म्हणजे हातात ५० च. दीड महिना बोटीकडे गेला नाहीत तर चोरापासून राखायला लावलेल्या यंत्रानं पंपाची वीज संपवलेली असेल. २० वॉटचं सोलर पॅनेल छतावर टाकलं की हा प्रश्न सुटतो. पावसाळ्यात ते एरवीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच देतं, तरी अलार्मपुरतं होतं.

नर्मदेवर आणखी एक. सप्टेंबर २०२३ मध्ये सरदार सरोवरातून पाणी सुटलं तेव्हा चांदोदच्या घाटाच्या पायऱ्याच दिसेनाशा झाल्या होत्या. दोर आखूड बांधलेल्या बोटींसाठी कुठलाच अलार्म कामाचा नव्हता. पाणी सोडणार असल्याचा इशारा आला की बोट वर ओढून घेणारा माणूस काठावर हवा. माझा आहे, नावाडीच आहे, त्याला महिन्याचे पैसे देतो. माझ्या सगळ्या यंत्रांपेक्षा तो मोलाचा.

मांजलपूर_वहिनी

यंत्रांचं सगळे बोलले, मी किल्लीचं बोलते. किल्ली सेक्रेटरीकडे म्हणजे सेक्रेटरी लग्नाला सुरतला गेल्या की बोट बंद. आमच्याकडे पंपाच्या खोलीचं नेमकं हेच झालं होतं.

आउटबोर्डला लाल दोरीची सेफ्टी क्लिप असते, ती लावल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. ती क्लिप, क्लॅम्पच्या कुलपाची किल्ली आणि अलार्म बंद करायचा रिमोट, असं तिन्ही एका काचेच्या पेटीत पहिल्या मजल्याच्या जिन्यात ठेवा. काच फोडली की घ्या. त्या पेटीच्या दारालाही एक मॅग्नेट कॉन्टॅक्ट लावा, म्हणजे कुणी उगाच उघडली तरी सायरन वाजेल. पूर असेल तेव्हा तो वाजलेला चांगलाच, लोक उठतील.

लाइफ जॅकेट मात्र कुठल्याच कुलपात नको. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात बोट उलटून १२ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. सगळ्यांना जॅकेट नव्हती आणि बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. चोरीला जातील म्हणून जॅकेट स्टोअररूममध्ये बंद करून ठेवणं बडोद्यात तरी कुणी करू नये. जॅकेट बोटीतच, ताडपत्रीखाली, आणि किती माणसं बसवायची तो आकडा बोटीच्या काठावर मोठ्या अक्षरांत रंगवा.

रावपुरा_जुना

वहिनी, सोळा आणे बोललात.

समा_काठ

वहिनी, काचेची पेटी नक्की. तार_आणि_सोल्डर, दोन शंका. पुरात मोबाइल नेटवर्क गेलं की सिमवालं यंत्र मुकं होणार, मग त्यावर पैसे घालावेत का? आणि पेट्रोलची टाकी बोटीतच असते, त्याच्याजवळ विजेचं काही लावणं बरोबर का?

तार_आणि_सोल्डर

दुसऱ्या शंकेपासून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळाशी साठते. त्यामुळे रिले, स्विच, साधा सायरन, ज्यात ठिणगी पडू शकते असं काहीच बोटीच्या आत खाली लावायचं नाही. तुमच्या बाबतीत बोटीत फक्त लूपची तार आणि सीलबंद कॉन्टॅक्ट जाणार, बाकी सगळं भिंतीवर. आणि पेट्रोल वर्षभर टाकीत ठेवू नका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, पाणी खाली बसतं आणि ऐनवेळी इंजिन खोकत राहतं. टाकी रिकामी ठेवा. पावसाळ्यात दर महिन्याला ताजं भरा, जुनं कुणाच्या तरी स्कूटरमध्ये घाला.

पहिली शंका. चोर येतो तो कोरड्या दिवसांत, तेव्हा नेटवर्क असतं. म्हणून सिम घ्या, पण त्याला दुय्यम धरा. पॅनेलपासून सायरनपर्यंत साधी तार. चार सोसायट्यांना जोडायचं असेल तर लोरावर, म्हणजे कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओवर, चालणारी छोटी यंत्रं मिळतात. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला वेगळा परवाना लागत नाही, मोबाइल टॉवरही लागत नाही. गच्चीवरून गच्चीवर आरामात पोचतं. यंदा नसेल जमत तर पुढच्या वर्षी.

त्याच पॅनेलला एक झोन, म्हणजे सेन्सर जोडायची एक जागा, रिकामा राहील. तिथे एक फ्लोट स्विच जोडा आणि तो गेटजवळच्या गटाराच्या कडेला, रस्त्यापासून सहा इंच वर बसवा. आजवा धरणातून पाणी सुटल्याची बातमी फोनवर पोचो न पोचो, पाणी दारात आलं की सायरन वेगळ्या लयीत वाजेल. तळमजल्याच्या लोकांना गाड्या काढायला आणि आजी-आजोबांना वर न्यायला वेळ मिळेल.

अकोटा_नाका

चांदोदकरांचं वाचल्यावर साखळीचा हट्ट सोडला. पण चाकाला कुलूप घालाच. आणि रात्री अलार्म वाजला तर खाली कोण जाणार, ती नावं ठरवा.

समा_काठ

काल मीटिंग झाली. ठरलं ते लिहिते. जून ते सप्टेंबर बोट शेडबाहेर, लांब दोरावर, पट्ट्या सैल. क्लॅम्पला नळीचं कुलूप, ट्रेलरच्या चाकाला दुसरं. इंजिन दिवाळीनंतर पहिल्या मजल्यावर. तारेचा लूप आणि ताडपत्रीचे दोन कॉन्टॅक्ट, भिंतीवर पॅनेल, दोन सायरन, फोरजी मॉड्यूल. गेटचा फ्लोट स्विच सगळ्यांना इतका आवडला की तळमजल्याच्या आठ घरांनी त्याचा खर्च स्वतःहून उचलला. कॅमेरा घेत नाही. रात्री उतरायला चार नावं ठरली, दोघं-दोघं मिळून जाणार, एकटं कुणी नाही. विश्वामित्रीत मगरी असतात, म्हणून बोट पुराच्या पाण्यात असेल तर टॉर्च मारून तिच्याखाली मगर नाही ना हे आधी बघायचं, हेही वहीत लिहिलंय.

एकच राहिलं: चाचणी किती दिवसांनी?

तार_आणि_सोल्डर

महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी दहाला, सगळ्यांना आधी सांगून. दर वेळी पॅनेलचा मेन स्विच बंद करून, फक्त बॅटरीवर. लूप एका ठिकाणी सोडा, ताडपत्री उचला, फ्लोट हातानं वर करा. तिन्ही वेळा दोन्ही सायरन वाजले पाहिजेत. बॅटरीचे व्होल्ट वहीत लिहा. चार्जर काढून तासाभरानं १२.४ च्या खाली दिसायला लागले की नवी आणा. आणि चाचणीला दर वेळी त्या चारांपैकी वेगळा माणूस घ्या, म्हणजे पेटीतली क्लिप इंजिनाला कुठे लावायची ते चौघांनाही अंधारात जमेल.